खांडक्या बल्लाळशहा : व्याधीतून उभे राहिलेले नगर

वय चेहऱ्यावर दिसू नये म्हणून साठीच्या उंबरठ्यावरील माणसे त्वचारोगतज्ज्ञांच्या पायऱ्या चढतात, लेप आणि मलमे आलटून पालटून पाहतात, तेव्हा आपण त्यांना हसतो. हे सारे आजच्या शहरांचे चोचले, असा आपला समज असतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात मात्र ही ओढ फार जुनी आहे. गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगा उत्तरवाहिनी होते, त्या मार्कंडा येथील देवालय मार्कंडेय ऋषींच्या नावाने ओळखले जाते. सदैव सोळा वर्षांचे राहण्याचा वर या ऋषींना मिळाला होता. ती झाली पुराणातील कथा. चंद्रपूरची कथा एका गोंड राजाची आहे आणि तिच्यातून एक अख्खे शहर उभे राहिले.

खांडक्या बल्लाळशहा हा सुरजा बल्लाळसिंहाचा पुत्र. बापाने दिल्लीच्या सुलतानाकडून ‘शहा’ हा किताब मिळवला, असे परंपरा सांगते. राजधानी होती वर्धा नदीपलीकडे, आज तेलंगणात असलेल्या सिरपूर येथे. त्याच्या राजवटीचा काळ अलीकडे साधारणतः पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध मानला जातो. सिंहासन मिळाले, पण देह मिळाला तो फोडांनी आणि गाठींनी भरलेला. खांडूक म्हणजे गळू. राजाच्या नावाचा संबंध त्याच्याशीच जोडतात. राजाची व्याधी झाकायला महाल असतो, पण ती नावालाच चिकटली की कोठे लपवावी?

या कथेतील खरा वैद्य म्हणजे राणी. तिने आधी हवापालट सुचवला. सिरपूर सोडून वर्धेच्या अलीकडच्या तीरावर किल्ला बांधावा, असा आग्रह तिने धरला. राजाने तो मानला आणि बल्लारपूर वसले. आज ते कागद गिरणीचे गाव म्हणून ठाऊक असले, तरी त्याची पहिली वीट एका आजारी नवऱ्याच्या काळजीपोटी रचली गेली, असे म्हणायला हरकत नाही. राजाला मात्र उतार पडला नाही.

एके दिवशी शिकारीत तहानलेला राजा झरपट नदीच्या कोरड्या पात्रात पाणी शोधू लागला. एका खळग्यातून थोडेसे पाणी झिरपत होते. ते तो प्यायला आणि त्याने हात, पाय, तोंड धुतले. त्या रात्री त्याला आयुष्यात प्रथमच गाढ झोप लागली. सकाळी राणीने पाहिले, तो पाणी लागलेल्या जागच्या गाठी नाहीशा झालेल्या. तिने त्याला पुन्हा त्याच ठिकाणी नेले. गवत आणि वाळू दूर करताच खडकात गायीची पाच पावले उमटलेली दिसली. प्रत्येक पाऊल पाण्याने भरलेले होते आणि कितीही उपसले तरी ते आटेना. राजाने तेथे स्नान केले आणि त्याची काया निर्मळ झाली. रात्री अंचलेश्वराने स्वप्नात दर्शन दिले, म्हणून तेथे मंदिर उभारण्याचे ठरले.

इंग्रजी अमदानीत मेजर लुसी स्मिथ यांनी 1869 च्या आपल्या जमाबंदी अहवालात चांद्याच्या गोंड राजांच्या परंपरागत कथा नोंदवल्या. आजचा वाचक त्यांवर सहज विश्वास ठेवणार नाही आणि ते योग्यच आहे. त्वचेचे कित्येक विकार आपोआप उसळतात आणि आपोआप ओसरतात. मग ओसरताना जो उपाय चालू असेल त्याच्या पदरात श्रेय पडते. झरपटेच्या पाण्याचे तसे झाले असेल. आजच्या महागड्या डब्यांचेही पुष्कळदा तसेच होते.

मंदिराचे काम पाहण्यासाठी राजा बल्लारपूरहून ये-जा करू लागला. अशाच एका फेरीत झुडपातून ससा निघाला आणि आश्चर्य म्हणजे त्यानेच राजाच्या कुत्र्याचा पाठलाग सुरू केला. वेडीवाकडी वळणे घेत मोठा फेरा झाल्यावर कुत्र्याने उलटून सशाला मारले. सशाच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. राणीने पुन्हा सल्ला दिला : ज्या वाटेने ही धाव झाली, त्याच वाटेने तट बांधून आत नगर वसवावे. कपाळावरच्या त्या चंद्रावरून नगराला चांदा नाव पडले, अशी व्युत्पत्ती सांगतात. अर्थात नावाच्या इतरही उपपत्ती आहेत.

तट पुरा व्हायला पुढच्या पिढ्या लागल्या. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे व पाच खिडक्या असलेल्या या परकोटाआड गोंडांचे राज्य नांदले, ते 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेईपर्यंत. अंचलेश्वराच्या देवळाशेजारी गोंड राजांच्या समाधी आहेत. झरपट तेथून जवळच वाहते.