विश्लेषण : फौजी, चित्रकार, मग छायाचित्रकार... अजिंठ्याच्या मेजर गिल यांना नोकरी सोडण्याची ‘योग्य वेळ’ कशी साधली?

नोकरी सोडावी की नाही, यापेक्षा ती कधी सोडावी हा प्रश्न जास्त छळतो. लवकर सोडली तर घरखर्चाची चिंता आणि उशीर झाला तर उमेद संपलेली. सोयगाव तालुक्यातील अजिंठा लेण्यांशी कायमचे जोडले गेलेले मेजर रॉबर्ट गिल यांच्या आयुष्यात हा प्रश्न एकदा नव्हे, तर दोनदा आला. पारोच्या प्रेमकथेमुळे गिल महाराष्ट्राला ठाऊक आहेत. त्यांनी आपले काम कसे बदलले, ही गोष्ट मात्र त्या कथेमागे झाकली गेली.

रॉबर्ट गिल कोण होते?

गिल यांचा जन्म १८०४ मध्ये लंडनचा. विशीच्या आसपास ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत दाखल झाले. त्या काळात इंग्लंडमधल्या मध्यमवर्गीय घरातल्या तरुणासाठी ही खात्रीची नोकरी होती. ठरलेला पगार, क्रमाने मिळणारी बढती आणि शेवटी पेन्शन, असा सरळ रस्ता होता. गिल त्याच रस्त्याने जात कॅप्टन झाले. फौजेत असताना त्यांनी चित्रकलेचा हात सोडला नव्हता. शिकारीचाही त्यांना मोठा नाद होता.

वयाची चाळिशी येईपर्यंत त्यांच्या आयुष्यात वेगळे म्हणावे असे फारसे काही नव्हते. वळण आले ते त्यानंतर.

फौजी अधिकाऱ्याकडे लेण्यांचे काम कसे आले?

मद्रास फौजेतीलच अधिकारी जॉन स्मिथ यांना एप्रिल १८१९ मध्ये शिकारीच्या वेळी वाघूर नदीच्या घळीत अजिंठ्याची लेणी दिसली. बाहेरच्या जगाला त्यांची खबर तेव्हा लागली. पुढे वास्तुकलेचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी लेण्यांना भेट दिली आणि १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीसमोर त्यावर निबंध वाचला. भिंतींवरची चित्रे झपाट्याने नष्ट होत आहेत, त्यांच्या प्रती आताच काढायला हव्यात, अशी मागणी सोसायटीने कंपनीकडे केली.

कंपनीने ती मान्य केली. मग चित्र काढता येणारा आणि रानात राहू शकणारा अधिकारी शोधणे सुरू झाले. मद्रास सरकारने १८४४ मध्ये कॅप्टन गिल यांची निवड केली. आतापर्यंत फावल्या वेळात जोपासलेली कला त्यांचे रोजचे काम बनली.

त्यांनी फौजेची नोकरी लगेच सोडली का?

नाही. गिल यांच्या निर्णयातला महत्त्वाचा भाग हाच आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर ते प्रतिनियुक्तीवर गेले. काम बदलले, पण फौजेतला हुद्दा कायम राहिला. निजामाच्या राज्यातल्या अजिंठा गावात, बारादरीत त्यांनी मुक्काम टाकला आणि तिथून घाट उतरून लेण्यांत काम सुरू केले.

सैन्यातील सेवेतून ते निवृत्त झाले ते पुढे, १८५०च्या दशकात. तोपर्यंत लेण्यांच्या कामात त्यांची अनेक वर्षे गेली होती, चित्रे लंडनला पोहोचली होती आणि गिल हे नाव अजिंठ्याशी जोडले गेले होते. म्हणजे आधी नवे काम उभे राहिले आणि मग जुनी नोकरी सुटली. कंपनीची राजवट १८५८ मध्ये संपली आणि कारभार ब्रिटिश राणीच्या सरकारकडे गेला. ज्या कंपनीने गिल यांना फौजेत घेतले आणि लेण्यांत पाठवले, तिचीच सत्ता उरली नाही. गिल यांचे अजिंठ्यातले काम मात्र त्यानंतरही चालू होते.

काम नेमके किती अवघड होते?

अजिंठ्यातील सर्वांत जुनी चित्रे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत, तर बरीचशी इसवी सनाच्या पाचव्या शतकातली. गिल आले तेव्हा लेण्यांत वटवाघळांचा वावर होता, भिंतींवर काजळी आणि धूळ बसली होती, गिलावा जागोजागी निखळत होता. आत पुरेसा उजेड नव्हता. घळीत झाडी दाट होती, वाघांची भीती होती आणि हिवतापाचा त्रास वेगळाच.

अशा ठिकाणी गिल यांनी मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात भित्तिचित्रे उतरवली. घाईत रेखाटने करून त्यांनी काम उरकले नाही. एकेका चित्रासाठी अंधुक प्रकाशात दीर्घकाळ उभे राहावे लागे. रंग, कॅनव्हास दुरून मागवायचे आणि पूर्ण झालेली चित्रे तितक्याच दूर रवाना करायची. सुमारे दोन दशके हे काम चालले आणि त्यातून पंचविसाहून अधिक मोठी चित्रे तयार झाली.

कॅमेरा कधी हाती आला?

१८५६ च्या सुमारास. चित्रे काढणे चालू असतानाच, वयाच्या पन्नाशीत, गिल छायाचित्रण शिकले. तेव्हा ही कला जगातच नवी होती. जड कॅमेरा, काचेच्या प्लेट आणि रसायने असा सगळा संसार बरोबर घेऊन फिरावे लागे.

गिल यांनी मुख्यतः स्टिरिओस्कोपिक छायाचित्रे काढली. यात माणसाच्या दोन डोळ्यांमध्ये असते तेवढे अंतर ठेवून एकाच दृश्याची दोन छायाचित्रे घेतात. खास दुर्बिणीसारख्या उपकरणातून ती जोडीने पाहिली की दृश्याला खोली येते. खांब, कमानी, मूर्ती यांसाठी हे तंत्र उत्तम होते. अजिंठा, वेरूळ आणि आसपासच्या प्रदेशातील मंदिरे गिल यांनी टिपली.

१८६४ मध्ये त्यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनमध्ये निघाली. एकात लेणी-मंदिरांची ७४ छायाचित्रे होती, तर दुसऱ्यात वास्तू आणि वन्यजीवनाची १०० स्टिरिओ छायाचित्रे. दोन्हींचा मजकूर फर्ग्युसन यांचा होता.

पारो आणि गिल यांच्या कथेत तथ्य किती?

अजिंठा गावात पारोची कबर आहे. ती गिल यांनी बांधली आणि तिच्यावरील लेखात २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख आहे. एवढा भाग दगडात कोरलेला. बाकी बराचसा तपशील लोककथेने भरला. सोयगाव तालुक्यातील पळसखेड्याचे कवी ना. धों. महानोर यांनी ‘अजिंठा’ या दीर्घकवितेतून ही कथा घराघरांत नेली आणि २०१२ मध्ये त्यावर नितीन चंद्रकांत देसाई यांचा चित्रपटही आला. कॉलेज सोडून शेतीकडे परतलेल्या महानोरांनी ही कथा लिहावी, हाही एक योगच.

पारो गेली ते वर्ष आणि गिल यांच्या हाती कॅमेरा आला तो काळ एकच आहे. एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण घरात दुःख आणि हातात नवखे काम, अशा अवस्थेतला तो माणूस होता, एवढे नक्की.

१८६६ मध्ये काय घडले?

गिल यांची चित्रे लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. डिसेंबर १८६६ च्या अखेरीस या इमारतीच्या उत्तरेकडील भागाला आग लागली. दोन दशकांच्या कष्टांतून तयार झालेली बहुतेक चित्रे त्यात जळाली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच वाचली. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

तेव्हा गिल साठीच्या पुढे होते. ज्या कामासाठी फौजेचा रस्ता सोडला, त्या कामाची राख हजारो मैलांवर झाली होती. तरीही ते मायदेशी परतले नाहीत. उरलेले आयुष्य त्यांनी याच परिसरात काढले. १० एप्रिल १८७९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची कबर भुसावळला आहे.

मग त्यांच्या मागे काय उरले?

उरली ती मुख्यतः छायाचित्रे. मात्र ती जळालेल्या चित्रांची भरपाई नव्हती. कॅमेऱ्याला तेव्हा रंग पकडता येत नव्हते आणि लेण्यांतल्या अंधारात भित्तिचित्रे टिपणे अवघड होते. चित्रांचे काम १८७२ पासून मुंबईच्या कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नव्याने हाती घेतले. दुर्दैव असे, की त्यातल्याही अनेक प्रती १८८५ मध्ये लंडनमधील आगीत जळाल्या.

लेण्यांची वास्तू आणि शिल्पे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कशी दिसत, हे सांगण्यासाठी गिल यांची छायाचित्रे आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात. पन्नाशीत शिकलेली दुसरी विद्या नसती, तर १८६६ नंतर दाखवण्यासारखे त्यांच्याकडे फार थोडे उरले असते.

आज नोकरी बदलू पाहणाऱ्यांनी यातून काय घ्यावे?

- सुरुवात राजीनाम्याने झाली नाही. नोकरीत असताना जोपासलेल्या कलेने नवे काम मिळवून दिले.
- हुद्दा आणि पगाराचा आधार असतानाच नव्या कामाची परीक्षा झाली. नोकरी सुटली ती नंतर.
- पहिले काम जोरात असतानाच दुसरे कौशल्य शिकून झाले. आग लागल्यावर शिकायला बसले असते, तर उशीर झाला असता.

अर्थात गिल राज्यकर्त्यांच्या फौजेतले अधिकारी होते. अशी प्रतिनियुक्ती आणि पाठीशी असे सरकार प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. शिवाय बेत नीट आखला तरी नुकसान टळत नाही, हेही त्यांच्याच आयुष्यात दिसते. नोकरी सोडण्याची तारीख त्यांनी बेताने गाठली, पण चित्रांचे काय होणार हे त्यांच्या हातात नव्हते. त्यांच्या हातात होते ते वेळेत पुढचे काम शिकणे, आणि तेवढे त्यांनी केले.