स्वामी रामानंद तीर्थ : सहभाग आणि त्याची किंमत

नागरिक राजकीय चळवळीत का उतरतात, हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. बहुसंख्य लोक तिच्यापासून दूर का राहतात, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईशी निगडित असलेले स्वामी रामानंद तीर्थ यांचे चरित्र या दोन्ही प्रश्नांच्या संदर्भात अभ्यासण्याजोगे आहे.

त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी झाला. तरुणपणी त्यांनी कामगारनेते ना. म. जोशी यांच्यासमवेत काम केले. पुढे ते हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत शिक्षक झाले, त्यांनी संन्यास घेतला आणि १९३५ मध्ये ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत आले.

त्या वेळचे हैदराबाद संस्थान डोळ्यांसमोर आणा. 'गश्ती निशाण ५३' या आदेशान्वये परवानगीवाचून सार्वजनिक सभा घेता येत नसे. वकिलाची सनद, पाटलाचे वतन, खासगी शाळेची परवानगी हे सारे सरकारच्या मर्जीवर अवलंबून होते. अशा स्थितीत गप्प राहणाऱ्या माणसाला भित्रा म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याच्यामागे कुटुंब होते आणि त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. म्हणूनच लोक प्रथम शाळा, वाचनालय, गणेशोत्सव अशा कमी धोक्याच्या ठिकाणी एकत्र आले. १९३७ मध्ये परतूरला भरलेली महाराष्ट्र परिषद ही त्यापुढची पायरी होती.

स्वामीजींना घरदार नव्हते. सरकारने जप्त करावे असेही त्यांच्यापाशी काही नव्हते. मात्र शाळा होती, आणि त्यांच्या राजकारणाची झळ तिला लागू शकत होती. १९३८ मध्ये ते शाळेतून बाहेर पडले आणि पूर्ण वेळ राजकीय कार्यात उतरले. त्याच वर्षी स्टेट काँग्रेसवर तिच्या रीतसर स्थापनेपूर्वीच बंदी आली. ती मोडून स्वामीजींनी सत्याग्रह केला व कारावास पत्करला. बंदी उठण्यास १९४६ साल उजाडले.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी हैदराबादेत तिरंगा फडकवल्यामुळे त्यांना पुन्हा अटक झाली. त्यानंतरच्या वर्षभरात लढ्याला अनेक रूपे आली, हे लक्षात घ्या. वकिलांनी न्यायालये सोडली, विद्यार्थ्यांनी वर्ग सोडले, शेतकऱ्यांनी शिंदीची झाडे तोडली, काही तरुणांनी करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले केले. अनेकांनी कार्यकर्त्यांना केवळ भाकरी आणि आसरा दिला. ज्याला जेवढा धोका पेलवेल तेवढाच त्याने उचलावा, अशी सोय झाल्यामुळे चळवळ विस्तारली. शेजारी उतरला की उरलेल्यांचेही भय कमी होते, हेही येथे दिसते.

तथापि, अलिप्त राहिलेले सुरक्षित राहिले, असे मात्र घडले नाही. रझाकारांच्या अत्याचारांनी चळवळीशी संबंध नसलेली घरेही उद्ध्वस्त केली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. त्यानंतरच्या सूडसत्रात मराठवाड्यातील अनेक निरपराध मुस्लिम कुटुंबांनाही प्राणांचे मोल द्यावे लागले. मुक्तिसंग्रामाचा अभ्यास करताना हे पान गाळून चालणार नाही.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत स्वामीजी गुलबर्ग्यातून लोकसभेवर निवडून आले. सभा भरवणे हाच जेथे गुन्हा होता, तेथील प्रौढ नागरिक आता गुप्त मतदान करीत होते. २२ जानेवारी १९७२ रोजी स्वामीजींचे निधन झाले. नांदेडचे विद्यापीठ आणि अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय आज त्यांचे नाव धारण करतात.

विचार करा : मतपत्रिका गुप्त असते, ग्रामसभा मात्र उघड असते. आपल्या गावच्या ग्रामसभेत खर्चाचा हिशेब मागायला किती जण उभे राहतात? जे उठत नाहीत त्यांना काय गमावण्याची भीती वाटते, आणि कोणती सोबत मिळाली तर ते उठतील? आपल्या परिसरातील अनुभवाच्या आधारे उत्तर लिहा.