पागेतला विद्यार्थी : विष्णुपंत छत्रे

राजारामपुरीच्या गल्ल्यांतून खोल्या घेऊन राहणाऱ्या आपल्या मित्रांपैकी पुष्कळांच्या घरी दावणीला म्हैस आहे, गोठ्यात बैल आहेत. तरीही जनावरांच्या संगतीत आयुष्य काढायचे आहे, असे कुणी म्हटले की घरचे हसतात आणि गुरुजन विज्ञान शाखेकडे बोट दाखवतात. अशा मुलाने विष्णुपंत छत्रे यांचे चरित्र एकदा अवश्य वाचावे. भारतीय सर्कशीचे जनक म्हणून त्यांचे नाव आपल्याला ठाऊक असते. पण ते शिकले काय आणि कुणापाशी, याची चौकशी सहसा कुणी करीत नाही.

विष्णुपंतांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कृष्णाकाठच्या अंकलखोप या गावी झाला. औदुंबरला दत्तदर्शनासाठी जाणाऱ्यांना हे गाव नवे नाही. ब्राह्मण घरातल्या मुलाने त्या काळी वेदपठण करावे, नाहीतर कारकुनी धरावी. विष्णुपंतांना मात्र दोनच वेडे होती, घोडा आणि गाणे. या दोन्ही विद्या एका गावी मिळण्याची सोय तेव्हा ग्वाल्हेरीत होती. शिंदे सरकारची पागा तेथे होती आणि ख्यालगायकीचे मोठे घराणेही तेथेच नांदत होते. विष्णुपंत ग्वाल्हेर गाठून बाबासाहेब आपटे यांच्यापाशी अश्वविद्या आणि उस्ताद हद्दू खाँ यांच्यापाशी गायन शिकू लागले.

पागेतले शिक्षण म्हणजे काय, याची कल्पना आज करावी लागते. तेथे शिकाऊ मुलगा आल्या दिवशी घोड्यावर बसत नसे. आधी खरारा, मग तोबरा, मग नालबंदाशेजारी उभे राहून खूर पाहणे. कान मागे पडले की घोडा रागावला, एक पाय सारखा उचलू लागला की काही दुखते आहे, हे पुस्तकाविना कळू लागले म्हणजे पहिली इयत्ता संपली. साळोत्र्याच्या औषधांची तोंडओळखही याच वेळी होई. त्यानंतर लांब दोरीवर घोडा वर्तुळात फिरवायचा, दुडकीची लय एकसारखी ठेवायची. चाबूक असतो तो बहुधा इशाऱ्यासाठी. फटक्याने घोडा भितो, शिकत नाही. आपण मानसशास्त्राच्या तासाला थॉर्नडाइकच्या पेटीतले मांजर वाचतो. तो प्रबंध १८९८ सालचा. ज्या वर्तनामागून समाधान मिळते ते प्राणी पुन्हा करतो, ही गोष्ट आपल्याकडचे जाणते चाबूकस्वार त्याच्या कितीतरी आधीपासून हरभऱ्याच्या मुठीने सिद्ध करीत होते. त्यांनी प्रबंध लिहिला नाही, एवढेच.

दक्षिणेत परतल्यावर विष्णुपंत संस्थानिकांचे घोडे तयार करू लागले. पुढे १८७९च्या सुमारास कियारिनी या इटालियन गृहस्थांची सर्कस मुंबईत आली आणि विष्णुपंतांनी ती पाहिली. असले खेळ हिंदी माणसांना जमणार नाहीत, असे काहीसे बोलणे निघाले आणि त्यावरून पैज लागली, अशी आख्यायिका आहे. पैजेचा तपशील सांगणाराप्रमाणे बदलतो, तेव्हा तो सोडून देऊ. २० मार्च १८८० हा विष्णुपंतांच्या सर्कशीचा पहिला दिवस मानतात. कियारिनींचा खेळ पाहिल्यापासून इतक्या थोड्या अवधीत हे कसे साधले? सर्कशीचा पाया मुळात घोडाच आहे, हे त्याचे उत्तर. लंडनमध्ये १७६८ साली फिलिप अ‍ॅस्टली या माजी घोडेस्वाराने वर्तुळात घोडा फिरवून खेळ सुरू केले. सुमारे ४२ फूट व्यासाच्या रिंगणात धावत्या घोड्याच्या पाठीवर माणसाला तोल सांभाळून उभे राहता येते, असे त्याच्या अनुभवास आले, आणि ते माप पुढे जगभर रूढ झाले. विष्णुपंतांना तंबू, झुले, तिकिटे हे सारे नवे असेल. पण रिंगण आणि घोडा ही त्यांची घरचीच विद्या होती.

जे आपल्याला येत नाही ते येणाऱ्याला शोधण्याची वृत्तीही त्यांच्यात होती. सर्कस मलबारात तलश्शेरीला गेली, तेव्हा कसरत आणि शस्त्रविद्या शिकविणारे कीलेरी कुन्हिकण्णन त्यांना भेटले, आणि सर्कशीसाठी कसरतपटू तयार करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. याच कुन्हिकण्णन यांनी १९०१ साली चिरक्करा येथे सर्कशीची शाळा काढली. केरळातून इतके कसरतपटू का येतात, याचे मूळ या भेटीत आहे.

गाणेही सुटले नव्हते. हद्दू खाँचे पुत्र रहिमत खाँ व्यसनाधीन होऊन काशीत भटकत होते. विष्णुपंतांनी गुरुपुत्र म्हणून त्यांना सांभाळले, आपल्या मुक्कामांबरोबर फिरविले आणि लोकांना ऐकविले. भूगंधर्व म्हणून गाजलेला हा गायक १९२२ साली आपल्याच जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे वारला. विष्णुपंत त्याआधीच, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निवर्तले होते. सर्कशीचा कारभार त्यांचे बंधू काशीनाथपंत यांनी पाहिला.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सर्कशीत पुढे वाघ-सिंह आले आणि रानातल्या जनावराला पिंजऱ्यात घालून नाचविण्याची किंमत त्या जनावरानेच मोजली. दाणा-पाणी आणि माणसाचा हात ओळखणारा घोडा वेगळा आणि आगीच्या कड्यातून उडी मारावी लागणारा वाघ वेगळा. १९९८ साली केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या व सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. माझ्या मते ते योग्यच झाले, जरी त्यामुळे कित्येक तंबू ओस पडले.

आज जनावरांचा डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्याला पागेत जाऊन भागत नाही. बारावीला जीवशास्त्र, मग प्रवेशपरीक्षा, मग साडेपाच वर्षे, त्यातले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. मुंबईत परळचे महाविद्यालय १८८६ सालचे, म्हणजे विष्णुपंतांच्या सर्कशीपेक्षा सहा वर्षांनी लहान. आपल्याला जवळचे म्हणजे पुण्याच्या वाटेवरचे शिरवळ. आपण कला शाखेची मुले या दारातून आत जाऊ शकत नाही, हे खरे. पण शिरवळला जाऊ शकणाऱ्या मुलालाही पाय उचलणारी म्हैस पाहून काय दुखते आहे हे ओळखायला गोठ्यातच उभे राहावे लागते, आणि त्या बाबतीत सुट्टीत गावी जाऊन धार काढणारी आपली मुले त्याच्यापुढे चार पावले आहेत.