पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर

कृष्णेच्या परिसरात कुरुंदवाड नावाचे एक लहानसे संस्थान होते. तेथे १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णु दिगंबरांचा जन्म झाला. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार होते. त्यामुळे टाळमृदंगाचा नाद लहानपणापासूनच विष्णूच्या कानांवर पडत असे. परंतु बालपणी फटाक्याच्या दारूने त्याच्या डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी अधू झाली. पुस्तकी विद्येची वाट बिकट झाली, तेव्हा वडिलांनी त्याला मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकण्यास पाठविले. तेथे अनेक वर्षे कसून मेहनत करून विष्णु उत्तम गवई झाला.

त्या काळी गवयाला राजाश्रय मिळे. पण समाजात मान मिळत नसे. मिरजेतील एका समारंभाचे निमंत्रण विष्णुबुवांना आले, त्यांच्या गुरूंना मात्र आले नाही, असे सांगतात. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. संगीताला आणि संगीतकाराला प्रतिष्ठा मिळवून द्यायची, असा निश्चय करून १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली.

आता ते गावोगाव हिंडू लागले. केवळ राजेरजवाड्यांपुढे न गाता ते सर्वांसाठी जाहीर जलसे करू लागले. तिकीट काढून कोणीही यावे आणि गाणे ऐकावे, ही रीत तेव्हा नवी होती. बंदिशींतील उत्तान शब्द वगळून ते भक्तीची पदे गात. त्यामुळे घरंदाज माणसेही निःसंकोचपणे गाणे ऐकू लागली.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गंधर्व महाविद्यालय स्थापन केले. हे विद्यालय कोणा एका राजाच्या खजिन्यावर नव्हे, तर लोकांच्या आश्रयावर चालावयाचे होते. त्यासाठी पंडितजी ठिकठिकाणी गात आणि मिळालेले द्रव्य विद्यालयासाठी वेचीत. गरीब पण होतकरू मुलांना ते आपल्याजवळ ठेवून घेत, त्यांच्या जेवणाखाण्याची व्यवस्था करीत आणि त्यांना संगीतशिक्षक म्हणून तयार करीत. गाणे लिहून ठेवता यावे म्हणून त्यांनी स्वरलेखनाची पद्धती बसविली व अनेक क्रमिक पुस्तके छापली.

१९०८ मध्ये विद्यालयाचे कार्य मुंबईत सुरू झाले. पुढे तेथे मोठी इमारत उभी राहिली. पण तिच्यासाठी काढलेले कर्ज फिटेना. पंडितजींनी गावोगाव जलसे केले, तरीही अखेर १९२४ च्या सुमारास इमारतीचा लिलाव झाला. आयुष्यभराच्या कष्टांचे फळ डोळ्यांदेखत गेले. तरीही त्यांनी धीर सोडला नाही. नाशिक येथील आश्रमात राहून ते शिष्यांना शिकवीत राहिले आणि रामनामाचा प्रसार करीत राहिले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे त्यांचे देहावसान झाले.

इमारत गेली, पण त्यांनी घडविलेली माणसे राहिली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास आणि बा. र. देवधर हे त्यांचे शिष्य पुढे नामवंत झाले. १९३१ मध्येच शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. आज गावोगावची मुले त्या मंडळाच्या संगीतपरीक्षांना बसतात. दरबारात अडकलेले गाणे घराघरांत पोहोचविणारा हा गायक त्या मुलांच्या कंठातून अजूनही गात आहे.