बाळू पालवणकर

बाळू पालवणकर (१९ मार्च १८७६, धारवाड – ४ जुलै १९५५, मुंबई) हे भारतीय क्रिकेटपटू आणि सामाजिक-राजकीय कार्यकर्ते होते. पी. बाळू या नावाने ते ओळखले जात. डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज असलेले बाळू १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या पहिल्या अखिल भारतीय संघाचे सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजातून येऊन राष्ट्रीय कीर्ती मिळवणारे ते पहिले भारतीय खेळाडू मानले जातात.

बालपण व पुण्यातील उमेदवारी

पालवणकर कुटुंबाचे आडनाव कोकणातील पालवण या गावावरून आले. बाळूंचे वडील लष्कराच्या सेवेत असल्याने मुलांचे बालपण पुणे परिसरात गेले. बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांनी सैनिकांनी टाकून दिलेल्या साहित्यावर क्रिकेटचे पहिले धडे गिरवले. विठ्ठल व गणपत हे आणखी दोन बंधूही पुढे नामांकित क्रिकेटपटू झाले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशांच्या एका क्रिकेट क्लबमध्ये होती. मैदान झाडणे, खेळपट्टीवर रूळ फिरवणे आणि अधूनमधून सभासदांना गोलंदाजी करणे या कामांसाठी त्यांना दरमहा तीन रुपये मिळत. १८९२च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये चार रुपयांवर रुजू झाले. तेथे जे. जी. ग्रेग या नामवंत इंग्रज फलंदाजाला ते तासन्‌तास गोलंदाजी करीत. प्रत्येक वेळी बाद केल्याबद्दल ग्रेग त्यांना आठ आणे देत, असे सांगितले जाते. या सरावाने त्यांची गोलंदाजी घडली. मात्र बॅट हाती घेण्याची संधी त्यांना तेथे कधी मिळाली नाही. फलंदाजी हा साहेबांचा अधिकार समजला जाई.

पुण्यातील हिंदू क्लबला युरोपियनांना हरवण्यासाठी बाळूंची गरज होती, पण त्यांना संघात घ्यावे की नाही यावर सभासदांत मतभेद झाले. अखेर त्यांना घेण्यात आले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्याच चेंडूला हात लावीत. चहापानाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई आणि जेवणाची पंगतही निराळी असे.

मुंबईतील कारकीर्द

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या काळात, बाळू मुंबईस आले. तेथे ते परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. राज्यकर्त्यांवरील या विजयाचे वृत्तपत्रांनी कौतुक केले. जातिभेद बाजूस सारून केलेल्या संघनिवडीचे हे फळ आहे, असेही अनेक सुधारकांनी प्रतिपादन केले.

१९११चा इंग्लंड दौरा

त्या काळी देशात सर्वमान्य क्रिकेट मंडळ नव्हते आणि स्पर्धा धर्मानुसार भरत. त्यामुळे इंग्लंडला जाणारा संघ निवडताना खेळाडूंच्या गुणवत्तेबरोबर पारशी, हिंदू व मुसलमान यांचे प्रमाणही सांभाळावे लागले. नेतृत्व पतियाळाचे १९ वर्षांचे महाराज भूपिंदरसिंग यांच्याकडे गेले. हिंदू खेळाडूंत एम. डी. पै, बी. जयराम व के. शेषाचारी यांच्यासह बाळू आणि शिवराम या बंधूंची निवड झाली.

कर्णधार बहुतेक सामन्यांत खेळले नाहीत आणि संघाला अनेक पराभव सोसावे लागले. पस्तिशीतील बाळूंनी मात्र खांद्याच्या दुखण्यासह गोलंदाजीचा भार वाहिला. दौऱ्यातील सर्व सामन्यांत मिळून त्यांनी ११४ बळी मिळवले. त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते. परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकर यांनी तयार केले होते, असे सांगितले जाते.

कर्णधारपदाचा प्रश्न

अनुभव आणि कामगिरी या दोन्ही निकषांवर बाळू हिंदू संघाच्या कर्णधारपदास पात्र होते. तरीही ते पद सवर्ण खेळाडूंकडेच राहिले. १९१३ साली कर्णधार झालेल्या पै यांनी स्वतःच्या सत्कारसमारंभात, हा मान ज्येष्ठ बाळूंना मिळावयास हवा होता, असे जाहीरपणे सांगितले.

१९२० साली पै आजारी पडल्यावर दि. ब. देवधर यांना कर्णधार नेमण्यात आले आणि बाळूंना संघातून वगळण्यात आले. निषेध म्हणून शिवराम व विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली. लोकमताच्या दबावामुळे पुढील सामन्यासाठी तिघाही बंधूंना परत घेण्यात आले आणि बाळू उपकर्णधार झाले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. पूर्ण कर्णधारपद त्यांना अखेरपर्यंत लाभले नाही. १९२३ साली ते विठ्ठल यांना मिळाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघ विजयी झाला. विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ (१९४८) या आत्मचरित्रात आपल्या क्रिकेटच्या आठवणी लिहिल्या आहेत.

राजकीय कार्य

पुढे बाळू सार्वजनिक जीवनात उतरले. ते महात्मा गांधींच्या अस्पृश्यतानिवारण कार्याचे समर्थक होते. सप्टेंबर १९३२ मधील पुणे करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर त्यांचे डॉ. आंबेडकरांशी मतभेद होते. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना आंबेडकरांविरुद्ध उभे केले. चुरशीच्या लढतीत बाळू पराभूत झाले.

निधन व महत्त्व

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. भारताने पहिला कसोटी सामना जून १९३२ मध्ये खेळला, तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव नाही. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी ही त्यांची नोंद आहे. खेळाडूची निवड त्याच्या गुणांवर व्हावी की जन्मावर, हा प्रश्न भारतीय क्रिकेटमध्ये प्रथम ठळकपणे उभा राहिला, तो त्यांच्या कारकिर्दीमुळे.