चढावरचा वाटसरू : पॉल द व्हिव्ही ऊर्फ व्हेलोसिओ

सायकलीला गिअर असतो, ही गोष्ट आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु त्या गिअरसाठी एका माणसाने चाळीस वर्षे लेखणी आणि पायडल ही दोन्ही झिजवली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. त्या माणसाचे नाव पॉल द व्हिव्ही. फ्रान्समधील सायकलस्वार त्यांना ओळखतात ते मात्र ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने, आणि सायकल-पर्यटनाचे जनक म्हणून त्यांना मान देतात.

द व्हिव्ही यांचा जन्म २९ एप्रिल १८५३ रोजी दक्षिण फ्रान्समधील पेर्न या छोट्या गावी झाला. हा प्रोव्हान्सचा मुलूख. भरपूर ऊन, द्राक्षाचे मळे, ऑलिव्हची झाडे, आणि या सगळ्यावर नजर ठेवून उभा असलेला, १,९०० मीटरहून उंच असा व्हाँतू पर्वत. पुढे पोटापाण्यासाठी ते उत्तरेकडे सेंत-एतिएन या शहरात आले. हे शहर प्रोव्हान्सच्या अगदी उलट. कोळशाच्या खाणी, बंदुकांचे कारखाने आणि रेशमी फितींचे माग यांवर त्याची भरभराट झालेली. तेथे त्यांनी रेशमाच्या व्यापारात जम बसवला. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी स्वतःची पेढी, बायको-मुले, समाजात पत, असे सर्व काही त्यांच्यापाशी होते. एखाद्याने येथेच समाधान मानले असते.

परंतु १८८१ साली त्यांनी एक सायकल विकत घेतली. त्या काळची सायकल म्हणजे पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच आणि मागचे अगदी चिमुकले. वर चढणे ही कसरत आणि पडणे हा नित्याचा प्रसंग! अशा सायकलीवरून सहा तासांत शंभर किलोमीटर जाण्याची पैज त्यांनी स्वीकारली आणि ला शेज-द्य या डोंगरातील गावाची वाट धरली. पैजेपेक्षा वाटेनेच त्यांना अधिक जिंकले. देवदारांची राने, चढउतारांची कुरणे, मधूनच लागणारी दगडी घरांची खेडी आणि या सगळ्यांतून स्वतःच्या पायांच्या बळावर जाणारा आपण! आगगाडीच्या खिडकीतून हा मुलूख अनेकांनी पाहिला असेल. तो असा सावकाश अंगावर घेण्याची गोडी त्यांना त्या प्रवासाने लावली, आणि ती जन्मभर सुटली नाही.

१८८७ साली त्यांनी जे केले त्याचा आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी जरा थांबून विचार करण्यासारखा आहे. चालती रेशमाची पेढी त्यांनी मोडली आणि सायकलींचे एक लहानसे दुकान काढले. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरातून सायकली मागवायच्या आणि विकायच्या, हा नवा धंदा. त्याच वर्षी त्यांनी ‘ल सिक्लिस्त’ हे मासिकही सुरू केले. हिशेबाच्या वहीत पाहिले तर हा व्यवहार आतबट्ट्याचाच म्हणावा लागेल. रेशमाला गिऱ्हाईक होते. सायकल तोवर श्रीमंतांचे खेळणे होते आणि त्या खेळण्याविषयीच्या मासिकाला वर्गणीदार ते किती मिळणार? तरीही मासिक चालले. व्हेलोसिओ या नावाने त्यात ते प्रवासवर्णने लिहीत, यंत्राची चिकित्सा करीत, वाचकांशी वाद घालीत.

१८८९ साली त्यांनी ‘ला गोलवाझ’ नावाची स्वतःची सायकल बाजारात आणली. पण तिच्यात एक उणीव होती, आणि ती जगातल्या जवळजवळ सर्वच सायकलींत होती. सेंत-एतिएनच्या दक्षिणेस रिपब्लिक नावाची खिंड आहे. तिची उंची १,१६१ मीटर. त्या चढावर द व्हिव्ही घामाघूम होऊन सायकल रेटत असता त्यांचाच एक वाचक तोंडात पाईप घेऊन आरामात त्यांना मागे टाकून गेला, अशी हकिकत सांगतात. दुसरा कोणी असता तर मनातल्या मनात चरफडला असता. द व्हिव्हींनी मात्र कारण शोधले. दोष पायांत नव्हता, दंतचक्रात होता.

हे गणित सोपे आहे. पायडलाजवळच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्या चाकाला २२ दाते असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक दोन फेरे फिरते. सपाटीवर हे उत्तम. पण चढावर तोच एक फेरा इतका जड होतो की गुडघे बोलू लागतात. पुढचे चक्र लहान केले तर चढ सोपा होतो, परंतु सपाटीवर पाय नुसतेच गरगर फिरतात. म्हणजे एका चक्राने दोन्ही कामे होत नाहीत. जमिनीला चढउतार आहेत, तर यंत्रालाही ते कळले पाहिजेत!

द व्हिव्हींनी प्रथम पुढे दोन चक्रे बसवली. चढ आला की खाली उतरायचे, हाताने साखळी उचलून लहान चक्रावर टाकायची आणि पुन्हा स्वार व्हायचे. मग दुसऱ्या बाजूसही दोन चक्रे आली आणि चार गती मिळाल्या. पुढे सायकल चालू असतानाच साखळी सरकावी, यासाठी त्यांचे आणि त्यांच्या शहरातील कारागिरांचे प्रयोग सुरू झाले. आजच्या गिअरचे मूळ या प्रयोगांत आहे.

यावर टीकेची झोड उठली. अवघड चढ एकाच चक्रावर रेटून नेण्यातच मर्दुमकी आहे, असे मानणाऱ्यांचा तो काळ. १९०२ साली फ्रान्सच्या टूरिंग क्लबने डोंगराळ मुलखात एक परीक्षा घेतली. अंतर २४० किलोमीटर आणि एकूण चढ सुमारे ४,००० मीटर. एका बाजूला एडवर्ड फिशर हा नामांकित स्पर्धक एका गतीच्या सायकलीवर. दुसऱ्या बाजूला मार्त एस ही स्त्री तीन गतींच्या ‘गोलवाझ’वर. बाईंनी सहज बाजी मारली. यावर वाद मिटायला हवा होता. परंतु क्रीडापत्राचे संपादक आंरी देग्रांज यांनी असे प्रतिपादन केले की बदलते गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांनी वापरावेत. खरा विजय स्नायूंचा, यंत्राचा नव्हे. याच देग्रांज यांनी १९०३ साली ‘तूर द फ्रान्स’ ही प्रसिद्ध शर्यत सुरू केली आणि तिच्यात अशा गिअरना अनेक वर्षे दार बंदच राहिले.

द व्हिव्हींना शर्यतीचे वेड नव्हते. सायकल त्यांच्या मते गाव पाहण्यासाठी, डोंगर ओलांडण्यासाठी आणि शरीर व मन निरोगी ठेवण्यासाठी होती. दरवर्षी ईस्टरच्या सुट्टीत ते सोबत्यांना घेऊन रोन नदीच्या खोऱ्यातून प्रोव्हान्सकडे निघत. सेंत-एतिएनला अजून थंडी असायची आणि दक्षिणेला वसंत सुरू झालेला असायचा. कित्येकदा रात्रभर चालवून पहाटेच्या उजेडात ते आपल्या जन्मभूमीत शिरत. त्यांचा वेग काही आळशाचा नव्हता. तरुणही त्यांच्यामागे दमत. परंतु तो वेग घड्याळाला दाखवण्यासाठी नव्हता.

ते शाकाहारी होते आणि प्रवासाचे त्यांनी सात नियम सांगून ठेवले होते. विसावे थोडे आणि छोटे घ्यावेत. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे. जेवण नको वाटेल किंवा झोप येणार नाही इतके कधी थकू नये. थंडी वाजण्याआधी अंगावर घ्यावे, उकडण्याआधी काढावे. निदान प्रवासात तरी मद्य, मांस, तंबाखू वर्ज्य करावीत. सुरुवातीच्या तासांत तर विशेषच, आपल्या कुवतीबाहेर जोर लावू नये. आणि शेवटचा नियम, कधीही दुसऱ्याला दाखवण्यासाठी पायडल मारू नये. पहिले सहा शरीराचे आहेत, सातवा मनाचा. तो पाळणे सर्वांत कठीण, हे आपण सारे जाणतो.

हा नियम त्यांनी व्यापारातही पाळला, असे म्हणता येईल. गिअरच्या आपल्या कल्पनांचे एकही पेटंट त्यांनी घेतले नाही. पुढे इतर कारखानदार अशा सायकली बनवू लागले तेव्हा त्यांना आनंदच झाला. मक्तेदारीतून नफा मिळतो हे अर्थशास्त्र आम्हाला शिकवते, आणि ते खोटे नाही. पण ज्याला वस्तू खपण्यापेक्षा ती सर्वांच्या हाती जाणे महत्त्वाचे वाटते, त्याचा ताळेबंद निराळ्या रीतीने मांडावा लागतो. रेशमाच्या पेढीत जे मिळाले असते ते त्यांनी कमावले नाही. परंतु चढ पाहून सायकलवरून उतरण्याची वेळ ज्यांच्यावर आता येत नाही, असे असंख्य लोक त्यांचे देणेकरी आहेत.

म्हातारपणीही सायकल, वाचन आणि लेखन चालूच होते. जुन्या ग्रंथांची त्यांना आवड होती; रोमन तत्त्वज्ञ सेनेका त्यांचा नित्य वाचनातला. एस्पेरांतो या जागतिक भाषेचेही ते पुरस्कर्ते होते. १९३० साली वयाच्या शहात्तराव्या वर्षी सेंत-एतिएनच्या रस्त्यावर सायकल हाती धरून ओलांडत असताना एका मोटारीला चुकवण्यासाठी ते मागे सरले आणि ट्रामखाली सापडले. हजारो किलोमीटर घाटवाटा ज्याने सुखरूप पार केल्या, त्याचा अंत शहराच्या रहदारीत व्हावा, हा दैवदुर्विलासच.

त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १९३७ साली, तूर द फ्रान्सने गिअरवरील बंदी उठवली. ते पाहायला द व्हिव्ही नव्हते. ज्या रिपब्लिक खिंडीत त्यांना आपल्या सायकलीची उणीव कळली, तेथेच त्यांचे स्मारक उभे आहे. त्यांच्या नावाचा चढाईचा दिवस तेथे त्यांच्या हयातीतच सुरू झाला होता. १९४७ पासून ‘फ्लेश व्हेलोसिओ’ नावाचा चोवीस तासांचा प्रवासही होत आला आहे. ईस्टरला छोट्या छोट्या तुकड्या निरनिराळ्या दिशांनी निघतात आणि प्रोव्हान्समध्ये एकत्र येतात. तेथे बक्षिसासाठी झटापट नसते. वाट तीच, वसंतही तोच. आणि त्या टेकड्यांचे चढ आता प्रत्येकाला आपापल्या ताकदीने चढता येतात.