ताराबाई मोडक आणि यवतमाळचा पहिलीचा वर्ग

ताराबाई मोडक यांचे नाव घेतले की बालवाडी डोळ्यांपुढे उभी राहते, आणि बहुधा तेथेच त्यांचे स्मरण संपते. हा आदर खरा असला तरी सोयीचा आहे. ज्या प्रश्नाशी ताराबाईंनी पन्नास वर्षे झुंज दिली तो बालवाडीच्या उंबरठ्यावर थांबत नाही. पहिलीच्या वर्गात तो अधिकच बिकट होतो. वय, बोली, घरची परिस्थिती आणि आकलनाची गती या सर्वच बाबतींत भिन्न असलेल्या मुलांना एकच धडा, एकाच वेळी, एकाच आवाजात सांगणे याला शिकविणे म्हणावे काय, हा तो प्रश्न होय.

यवतमाळ जिल्ह्यात त्याची धार विशेष जाणवते. झरी-जामणी वा मारेगावकडील पोडावरचे कोलाम मूल घरी कोलामी ऐकत वाढते. ती द्राविडी कुळातील भाषा असल्याने मराठीशी तिचे नाते नाही. पुसद-दिग्रसकडील तांड्यावरचे मूल गोरमाटी बोलत शाळेत येते, गावातले वऱ्हाडी. पुस्तकातील मराठी या तिघांनाही कमीअधिक प्रमाणात परकीच. त्यात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे परिशिष्ट साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरेसे मानते. म्हणजे लहान वस्तीवरच्या शाळेत पाच इयत्ता दोघांनी वाटून घ्यायच्या. अशा ठिकाणी सर्वांना एकच धडा ही पद्धत नुसती अपुरी ठरत नाही. ती चालूच शकत नाही.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. त्या घरात मुलीने शिकणे ही नवलाची गोष्ट नव्हती, आणि १९१४ मध्ये ताराबाई पदवीधर झाल्या. विवाहामुळे त्यांचा वऱ्हाडाशी संबंध आला. पती कृष्णाजी विनायक मोडक हे अमरावतीचे वकील. हा संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास लहानग्या मुलीला घेऊन त्या बाहेर पडल्या, आणि राजकोटच्या बार्टन अध्यापिका विद्यालयाच्या प्रमुख झाल्या. त्या काळी एखाद्या स्त्रीने तेवढ्यावर समाधान मानले असते तर कोणी नावे ठेवली नसती. परंतु १९२३ मध्ये त्यांनी ती जागा सोडली आणि भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालमंदिराचे काम स्वीकारले. मराठी बाई गुजराती मुलांत बसून काम करू लागली. मुलाची भाषा शिक्षकाने शिकावयाची असते, हा क्रम त्यांच्या अंगवळणी येथेच पडला असावा.

गिजुभाईंनी १९२० मध्ये सुरू केलेले हे बालमंदिर माँटेसरीबाईंच्या विचारांवर उभे होते. त्या विचारांचे मर्म साध्या साधनांत दिसते. लाकडाच्या ठोकळ्यात निरनिराळ्या मापांची भोके आणि त्यांत बसणारे दट्टे असतात. मुलाने एक दट्ट्या चुकीच्या जागी घातला तर शेवटी एक दट्ट्या उरतो, आणि चूक मुलाच्या स्वतःच्याच ध्यानी येते. शिक्षकाने रागावण्याची वा शाबासकी देण्याची गरजच उरत नाही. एक मूल दट्ट्यांत रमले असता दुसरे अक्षरे गिरवू शकते, तिसरे नुसते पाहत बसू शकते; आणि शिक्षक मोकळा झाल्याने तो प्रत्येकाकडे पाहू शकतो. हे निरीक्षण नसेल तर साधने केवळ खेळणी उरतात. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ‘शिक्षणपत्रिका’ मराठीतूनही निघू लागली आणि ताराबाईंनी ती आस्थेने चालविली.

सुमारे नऊ वर्षांनी त्या मुंबईस परतल्या. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. त्याचा लौकिक झाला, आणि नेमके तेच त्यांना डाचू लागले असे पुढील वाटचालीवरून दिसते. येणारी मुले सुस्थित घरांतील होती. साधने महाग होती. ज्या मुलाला अशा शिक्षणाची निकड सर्वांत अधिक ते दारापर्यंत पोचतच नव्हते. या विसंगतीशी अनेक शिक्षणतज्ज्ञ सुखाने नांदले आहेत.

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ च्या डिसेंबरात, ताराबाई बोर्डीस गेल्या. तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातील हे समुद्रकाठचे गाव. सोबत अनुताई वाघ होत्या. येथे प्रथम फजितीच झाली, कारण शाळा उघडली तरी गरीब वस्तीतील मुले येईनात. तेव्हा शाळाच वस्तीत गेली, कोणाच्या तरी अंगणात भरू लागली, आणि अंगणवाडी ही कल्पना जन्मास आली. विकतच्या साधनांची जागा शिंपल्यांनी, खड्यांनी, बियांनी, पानांनी आणि मातीने घेतली. गणना, रंग, आकार, लहान-मोठे हा क्रम तोच; फक्त साधने झाडाखाली सापडणारी. मुलांना न्हाऊ घालणे आणि केस विंचरणे हाही तेथे अभ्यासक्रमाचाच भाग होता.

१९५७ मध्ये केंद्र कोसबादच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले, तेव्हा या कामाची खरी कसोटी लागली. गुरे राखणाऱ्या मुलांना दिवसा शाळा शक्य नव्हती. म्हणून कुरणशाळा, म्हणजे गुरे चरतात तेथे शिक्षकाने जावयाचे. मुली येत नसत, कारण धाकटे भावंड कडेवर असे. ताराबाईंनी मुलीला दोष दिला नाही वा पालकांना उपदेश केला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच आवारात आणले. भावंड पाळण्यात ठेवून मुलगी वर्गात बसू लागली. गैरहजेरी ही मुलाची खोड नसून शाळेच्या रचनेतील उणीव आहे असे मानल्याखेरीज हा उपाय सुचत नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळकडील एखादी तिसरीतली मुलगी भावंड सांभाळण्यासाठी घरी राहते, तेव्हा तिच्यासाठी कोसबादचे उत्तर आजही जसेच्या तसे लागू आहे. ती परतते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. तिला वजाबाकी येत नसेल तर दुसरीच्या मुलांबरोबर तिने तुराट्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधाव्या आणि सोडाव्या. वाचन पक्के असेल तर चौथीच्या घोळक्यात बसावे. चिंचोके आणि सरकी यांना पैसे पडत नाहीत. कोलामी बोलणाऱ्या मोठ्या मुलाने लहानग्याला त्याच्या भाषेत खेळ समजावून द्यावा. दोघेही त्यात शिकतात. शिक्षणहक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमाने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून त्याप्रमाणे जादा अध्यापन करणे हे शिक्षकाचे कर्तव्यच ठरविले आहे. परंतु तपासणीस येणारा अधिकारी अभ्यासक्रम कितवा धडा गाठून उभा आहे एवढेच विचारणार असेल, तर शहाणा शिक्षक धडा पुरा करील आणि मूल मागे ठेवील. अशा शिक्षकाला दोष देणे सोपे आहे.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, आणि ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९९२ पर्यंत अनुताईंनी कोसबादचे काम वाहिले. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. एका आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही रचना मात्र मागेच राहिली. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे गेली, पहिली शिक्षण खात्याकडे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा टप्पा एक मानून ही भिंत निदान कागदावर पाडली आहे. झरी-जामणीतील दोन-चार पोडांवर अंगणवाडी, पहिली आणि दुसरी यांचा एकच वर्ग करून, कोलामी जाणणारी मदतनीस देऊन, इयत्तेऐवजी मुलागणिक नोंद ठेवून पाहावयाची असेल, तर त्यासाठी नवा कायदा लागणार नाही.